मंगळवारची वाट बघू नका

दिवाळी जवळ आली की नागपूरच्या घरगुती ग्रुपवर तोच मेसेज फिरतो : ‘विमानाचं तिकीट मंगळवारी रात्री बारानंतर, इन्कॉग्निटोमध्येच (ब्राउझरच्या खासगी खिडकीतच) काढा. दोनदा शोधलं की कंपनी ओळखते आणि भाव वाढवते. घाई नसेल तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, रिकाम्या सीट स्वस्तात निघतात.’ गेल्या वर्षी माझ्या मावशीने हे वाचून मुलाचं पुणे-नागपूर तिकीट मंगळवारवर ढकललं. तोवर भाव हाताबाहेर गेला आणि पोराला ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर बसून यावं लागलं.

आधी ते ‘ओळखते’ बघू. सीट सारख्याच असल्या तरी इकॉनॉमीची तिकिटं वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेली असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गटाचा भाव दिसतो. शिवाय यादीतला आकडा कधी कधी साइटने थोडा आधी साठवलेला असतो. आपण तिकीट निवडलं की ताजा भाव येतो, आणि वाटतं, आपल्याला बघूनच वाढवला! कुणाचं पेमेंट फसून अडकलेली जागा सुटली, तर तोच भाव उतरतोही. खात्री करायची असेल तर दोन फोन घ्या, एकावर इन्कॉग्निटो, एकावर साधं, आणि त्याच मिनिटाला, त्याच साइटवर तेच विमान बघा.

या गटांमुळेच एक खरी युक्ती आहे, ती मेसेजमध्ये नाही. चौघांचं एकदम शोधलं आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर बहुधा चौघांनाही वरचा भाव लागतो. आधी एकाचा भाव बघा. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा.

मंगळवारचं म्हणाल, तर भाव दिवसातून अनेकदा बदलतात. तिकीट कोणत्या वारी काढलं यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आहे, याने जास्त फरक पडतो.

शेवटच्या दिवसाचा सल्ला मात्र सगळ्यात महाग पडतो. ऐनवेळी तिकीट काढणारा बहुतेकदा नाइलाजाने निघालेला असतो : दवाखाना, मयत, मुलाखत. हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून काही जागा त्या वरच्या भावासाठीच राखलेल्या असतात. विमान रिकामं जात असेल तर भाव पडतोही, पण दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून नागपूरला येणारं विमान कुठलं रिकामं? उलट दिशेला गर्दी कमी असते. मावशीला म्हटलं, तुम्ही दोघंच पुण्याला जा. पण लक्ष्मीपूजन आपल्याच घरी, यावर ती ठाम. मग यंदा पोराचं तिकीट आम्ही ऑगस्टमध्येच काढलं, बुधवारी भरदुपारी.