केरामाला पोहायला जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

टोकियोत, विशेषतः निशीकासाईच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे सुट्टीत आईबाबा आले की जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचा बेत हमखास ठरतो. मग प्रश्न येतो, "पोहायला शांत, सुरक्षित बीच कुठला?" उत्तर बहुतेक वेळा बरोबरच मिळतं: ओकिनावाच्या मुख्य शहरापासून, नाहापासून साधारण ४० किलोमीटर पश्चिमेला असलेल्या केरामा बेटांमधलं झामामी. पण मला वाटतं, प्रश्नच अर्धा विचारला जातो. कुठल्या बीचवर जायचं, याच्या आधी कुठल्या तिथीला आणि किती वाजता पाण्यात उतरायचं हे ठरायला हवं. तोच किनारा सकाळी तळ्यासारखा असतो आणि दुपारी तिथे प्रवाळावर पोट खरवडून निघतं. विमान, हॉटेल, बोट हे सगळं आधी बुक करून समुद्राला शेवटी विचारायची आपली जी पद्धत आहे, ती इथे उलटी करायला हवी.

आता तिथीचं. कोकणातल्या माणसाला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (हलकी भरती-ओहोटी) समजावून सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. जपानीत उधाणाच्या दिवसांना 'ओशिओ' आणि भांगाच्या दिवसांना 'कोशिओ' म्हणतात. चंद्र सगळीकडे एकच, त्यामुळे घरातलं कालनिर्णय इथेही चालतं. पण एक फरक लक्षात ठेवा. मुंबई-रत्नागिरीकडे पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आगेमागे लागते, त्यावरून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब असतो. तो ओकिनावाला लावू नका. तिथे पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला असते आणि पूर्ण ओहोटी दुपारी एक-दोनला. अष्टमीला हे चित्र फिरतं: दुपारी भरती, तीही हलकी, आणि पाण्याला ओढ कमी.

म्हणजे ज्यांना पोहायला फार येत नाही, लहान मुलं बरोबर आहेत, दुपारीच पाण्यात उतरायचं आहे, त्यांनी अष्टमीच्या दोन दिवस मागचेपुढचे दिवस पकडावेत. महिन्यात अशा दोन खिडक्या मिळतात. नेमक्या वेळा जपानच्या हवामान खात्याच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात. नाहाचं कोष्टक घ्या, केरामाला तेवढं पुरतं.

हे न बघता गेलं की काय होतं ते पाहा. नाहाच्या तोमारी बंदरातून मोठी फेरी सकाळी दहाला सुटते आणि बाराला झामामीला लागते. एका दिवसात जाऊन येणारा माणूस बस पकडून, कपडे बदलून, पाण्याखाली बघायचा मास्क भाड्याने घेऊन एकच्या सुमाराला पाण्यात उतरतो. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर ही बरोब्बर ओहोटीची वेळ. प्रवाळ पाण्याच्या पातळीपासून हातभर खाली. नवखा माणूस घाबरला की पाय खाली टेकवतो, प्रवाळ मोडतं आणि पायही कापतो. प्रवाळाची जखम साधी वाटते, पण तिच्यात बारीक कण राहतात आणि ती आठवडाभर चिघळते. काही तासांतच परतीची बोट. अशी सहल म्हणजे पैसे, प्रवाळ आणि पाय तिन्हीचं नुकसान, असं माझं स्पष्ट मत आहे. किमान दोन रात्री राहा.

झामामीत पोहायचे मुख्य किनारे दोन, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

फुरुझामामी बंदरापासून टेकडी ओलांडून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, बसही जाते. चढ छोटा असला तरी उन्हाचा आहे, तेव्हा वयस्कर मंडळींना बसनेच न्या. इथलं प्रवाळ किनाऱ्यापासून अगदी जवळ सुरू होतं, म्हणून सगळे इथे येतात. पण तळ झपकन उतरतो. गुडघाभर पाण्यातून चार-सहा पावलांत छातीभर पाणी लागतं. वाळूत प्रवाळाचे तुकडे भरपूर, अनवाणी चालवत नाही. जाड तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच, साध्या चपला पहिल्याच लाटेत पायातून जातात. हंगामात जीवरक्षक असतात, पोहायची हद्द तरंगत्या बोयांनी आखलेली असते. ती हद्द शोभेची नाही. बीचच्या दोन्ही टोकांना पाणी जास्त वाहतं, म्हणून मधल्या भागातच राहा.

आमा हा दुसरा किनारा, बंदरापासून पश्चिमेला सपाट रस्त्याने वीसेक मिनिटं. वाटेत मॅरिलिन नावाच्या कुत्रीचा पुतळा लागतो. शेजारच्या आका बेटावरचा शिरो नावाचा कुत्रा तिला भेटायला समुद्र पोहून यायचा, अशी त्या बेटांची लाडकी गोष्ट आहे. मुलांना ती सांगा, चालणं सोपं होतं. आमाच्या समोर इतर बेटं आडवी आहेत, त्यामुळे लाट मोडून आत येते. तळ वाळूचा, उतार मंद. लहान मुलांसाठी मी डोळे मिटून आमाच सांगेन. इथे भरतीच्या वेळी समुद्री कासवं पाण्याखालचं गवत खायला किनाऱ्याजवळ येतात. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की ती आत येऊच शकत नाहीत. म्हणजे उधाणाचे दिवस वाट्याला आले असतील, तर मुक्कामी माणसाला आमाची सकाळ मिळते: सातची भरती, निवांत किनारा, आणि कंबरभर पाण्यात चरणारं कासव. मात्र त्या वेळी जीवरक्षक नसतात. तेव्हा कंबरेच्या पुढे जाऊ नका, एकट्याने उतरू नका.

कासवाच्या मागे लागू नका, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. चारही बाजूंनी माणसं घेरून उभी राहिली की ते वर यायला बिचकतं. हात लावायचा नाही, वरून पोहत जायचं नाही, बाजूला स्थिर राहायचं. ते आपलं गवत खात राहिलं, तर तुमचं अंतर बरोबर आहे.

आता 'शांत पाणी' या शब्दाबद्दल. या बेटांभोवती प्रवाळाची रांग असते, बाहेरची लाट तिच्यावर फुटते, म्हणून आत पाणी निवांत दिसतं. पण लाटांबरोबर रांगेवरून आत आलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? रांगेत जिथे खिंड असते, तिथून. ओहोटी लागली की भरतीचं पाणीही त्याच वाटेने निघतं. पृष्ठभागावर लाट नाही, फेस नाही, आणि खाली नदीसारखा प्रवाह. फसायला होतं ते याच गुळगुळीतपणामुळे. किनाऱ्यावरून बघताना पांढऱ्या फेसाच्या रेषेत जिथे फेस तुटलेला आणि पाणी गडद निळं दिसतं, ती खिंड समजा आणि तिकडे तोंड करू नका.

ही गोष्ट उंचावरून फार छान दिसते. पहिल्या दिवशी पोचल्यावर लगेच पाण्यात उडी न मारता गावामागच्या ताकात्सुकी टेकडीवर जा. वरून फिकट हिरवा उथळ भाग, तपकिरी प्रवाळ आणि त्यांच्या मधून गेलेले गडद पट्टे नकाशासारखे उलगडतात. वाटेवर शांतीस्मारक आहे, तिथेही क्षणभर थांबा. २६ मार्च १९४५ रोजी अमेरिकी सैन्य या बेटावर उतरलं, आणि त्या दिवसांत इथल्या कितीतरी कुटुंबांनी सामूहिक आत्महत्येत जीव गमावला. आपण ज्या पाण्यात खेळायला आलो आहोत, त्याच्या काठावर हेही घडलेलं आहे.

प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचा हट्ट करू नका. पायात फिन असले तरी दमछाक होते. प्रवाहाला आडवं, किनाऱ्याला समांतर पोहा. दमलात तर पाठीवर तरंगा आणि एक हात उंच हलवा. यासाठी लाइफ जॅकेट अंगावर असायला हवं, पोहता येत असलं तरी. ते भाड्याने मिळतं. घेताना मांड्यांमधून जाणारा पट्टा लावून बघा, तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीला लागतं आणि माणूस आणखी घाबरतो. समुद्रातल्या अपघातासाठी जपानी तटरक्षक दलाचा क्रमांक ११८, रुग्णवाहिकेसाठी ११९. 'यूएई किन्शी' ऐकलंत तर त्याचा अर्थ पोहायला बंदी. ऊन स्वच्छ असलं तरी ऐका, कारण लांबच्या वादळाची लाट आधी पोचते.

मास्कचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा आनंद किंवा त्रास तिथेच ठरतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी झिरपतंच, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. केसांची एक बट आत अडकली तरी गळती होते. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कड दुमडून वाढते. चष्म्यावर मास्क बसत नाही, म्हणून नंबरचा मास्क आहे का, हे भाड्याच्या दुकानात आधीच विचारून ठेवा. मास्कबरोबर तोंडात धरायच्या श्वासाच्या नळीत (स्नॉर्केलमध्ये) पाणी आलं तर 'थू' केल्यासारखं एका झटक्यात जोरात फुंकायचं. हे सगळं निघण्याआधी घराजवळच्या पोहण्याच्या तलावात दोनदा करून पाहा.

कपड्यांत सुती टी-शर्ट आणि सलवार नको, भिजून जड होतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि लेगिंग घाला. ऊन, प्रवाळ आणि जेलीफिश तिन्हीपासून अंग वाचतं, आणि सनस्क्रीन चेहऱ्यापुरतं लागतं. पाण्यात जितकं कमी क्रीम जाईल तितकं प्रवाळासाठी बरं.

जेलीफिशचं हलक्यात घेऊ नका. जून ते सप्टेंबरमध्ये 'हाबू' जेलीफिश किनाऱ्याजवळच्या शांत, उथळ पाण्यातच येते, म्हणजे नेमकं मुलं जिथे खेळतात तिथे. ती पारदर्शक असते, दिसत नाही. डंख झाला तर चोळायचं नाही, पाण्याबाहेर यायचं, भरपूर व्हिनेगर ओतायचं, चिकटलेले तंतू काढायचे, मग बर्फ आणि दवाखाना. नाहातच एक बाटली व्हिनेगर विकत घ्या, जपानीत 'सू'. निळ्या फुग्यासारख्या जेलीफिशला मात्र व्हिनेगर चालत नाही, ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची.

महिना कुठला? आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी इथे नेमकी अडचणीची. एप्रिलअखेर ते पाच मे जपानची मोठी सुट्टी असते, बोटी भरलेल्या. त्यानंतर साधारण दहा मेपासून जूनच्या वीस-एकवीस तारखेपर्यंत ओकिनावाचा पावसाळा. जुलै ते सप्टेंबर पाणी २८-२९ अंश, पण वादळांचा काळ, आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा सुट्टीची गर्दी. मला विचाराल तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. ऑक्टोबरचा पूर्वार्धही छान. तेव्हा उत्तरेचा वारा सुरू होतो, पण हे दोन्ही किनारे बेटाच्या दक्षिण अंगाला असल्यामुळे टेकडीच्या आडोशाला राहतात. दक्षिणेचा वारा जोरात असेल तेव्हा मात्र फुरुझामामीला लाट येते, त्या दिवशी आमा.

खाण्याचं थोडक्यात: बेट लहान आहे, हॉटेलं मोजकी, काही दुपारी बंद. ओकिनावाच्या सोबा नूडल्समध्ये डुकराचं मांस असतं, आणि भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. शाकाहारी माणसांनी मुक्कामाच्या ठिकाणी बुकिंगच्या वेळीच नीट लिहून कळवावं, आणि थेपले, चिवडा, मेतकूट बरोबर ठेवावं. रोख येन नाहातूनच काढून न्या. झामामी गावाचा प्रवेशकर शंभर येन आहे.

आणि बोट. नाहा विमानतळावरून मोनोरेलने मिएबाशी स्टेशन, तिथून तोमारी बंदर चालत दहा-पंधरा मिनिटं. मोठी फेरी आणि वेगवान बोट वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात. चुकीच्या धक्क्यावर उभं राहून बोट डोळ्यांसमोरून जाते, म्हणून तिकिटावरचा धक्का वाचा आणि अर्धा तास आधी पोचा. उन्हाळ्यात जागा आठवडे आधी संपतात.

परतीच्या बोटीच्याच दिवशी भारताचं किंवा टोकियोचं विमान ठेवू नका. मध्ये नाहात एक रात्र हवीच. लाट वाढली की आधी वेगवान बोट रद्द होते, मोठी फेरी बऱ्याचदा त्यानंतरही जाते, आणि वादळात दोन्ही काही दिवस बंद. रद्द म्हणजे 'केक्को'. हा शब्द सकाळी वेगवान बोटीबद्दल कानावर पडला, तर नाश्ता नंतर करा, आधी बंदराच्या खिडकीवर जाऊन तिकीट मोठ्या फेरीवर बदलून घ्या.