'फेयेर कर्नल सगळ्यात फास्ट' म्हणे!

भाचीची सेटची (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची) तयारी चालू आहे, तिच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरतेय: "डिरिक्ले कर्नल विसरा. फेयेर पॉझिटिव्ह आहे म्हणून तोच सगळ्यात फास्ट कन्व्हर्ज होतो, आणि फंक्शन जितकं स्मूथ तितका अजून फास्ट." पोरीने ते लाल पेनाने चौकट आखून वहीत उतरवलंय. डोकंच फिरलं. विषय फूरिये सिरीजचा: पिरिऑडिक फंक्शन साइन-कोसाइनच्या लाटांनी, म्हणजे हार्मोनिकनी, उभं करायचं; कुठल्या लाटेचं वजन किती ते तिचा कोइफिशंट सांगतो. पहिल्या काही लाटांची बेरीज म्हणजे पार्शल सम, ते देणारा डिरिक्ले कर्नल. अशा पार्शल समची सरासरी देणारा फेयेर कर्नल, आणि तो कुठेच ऋण होत नाही म्हणून 'पॉझिटिव्ह'.

खरं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. फेयेरने 1900 मध्ये दाखवलं की कुठलंही कंटिन्यूअस पिरिऑडिक फंक्शन घ्या, पार्शल समची सरासरी त्याच्याकडे युनिफॉर्मली जाते. डिरिक्लेला ही गॅरंटी नाही, 1873 मध्येच डु बुआ-रेमंडने एका पॉइंटला डायव्हर्ज होणारी सिरीज दाखवली होती. फंक्शन एकदम उडी मारतं त्या जंपपाशी डिरिक्लेमध्ये उडीच्या 9 टक्क्यांची उसळी येते, तीही फेयेरमध्ये नाही. मान्य! पण पोचणार हे वेगळं आणि कधी पोचणार हे वेगळं.

आता ते "स्मूथ तितका फास्ट". कॉस एक्सपेक्षा स्मूथ काय आणणार? डिरिक्ले पहिल्याच हार्मोनिकला तो जसाच्या तसा देतो, एरर शून्य, आणि फेयेर पहिल्या 100 पार्शल समची सरासरी घेऊनही 0.99 कॉस एक्सवर अडकलेला. बरं, 3/(5 − 4 कॉस एक्स) घ्या, कोइफिशंट दर पायरीला निम्मे होतात. 20 हार्मोनिक घेतले की शून्यापाशी, जिथे किंमत 3 आहे, डिरिक्लेचा एरर 0.000002 च्या आत, फेयेरचा 0.19! कारण साधं आहे, एन हार्मोनिक घेतले तर के-व्या कोइफिशंटमधला के/(एन+1) एवढा भाग फेयेर कापतोच, फंक्शन कितीही गुणी असो. एरर 1/एनपेक्षा वेगाने शून्याकडे गेला तर फंक्शन कॉन्स्टंटच निघतं. सॅच्युरेशन म्हणतात याला, सिलॅबसमध्ये नसेल तरी.

"पॉझिटिव्ह म्हणून फास्ट" तर साफ उलटं. कोरोवकिन या गणितज्ञाने सिद्ध केलंय की एन डिग्रीचा (एन हार्मोनिकपर्यंतचा) कुठलाही पॉझिटिव्ह कर्नल 1, साइन, कोसाइन या तिघांवर मिळून एरर 1/एन-स्क्वेअरपेक्षा वेगाने खाली नेऊ शकत नाही. जॅक्सन कर्नल, हाही पॉझिटिव्हच, निदान तिथवर जातो, फेयेर तेवढाही नाही.

"डिरिक्ले विसरा"? त्याचा लेबेग कॉन्स्टंट, म्हणजे एरर किती फुगू शकतो याचं माप, लॉगने वाढतो, एन 1000 ला जेमतेम 4. म्हणजे तेवढ्याच हार्मोनिकमध्ये शक्य असलेल्या सगळ्यात कमी (बेस्ट) एररच्या फार तर पाचेक पट, एवढंच.

आणि पोचण्याची गॅरंटी आणि वेग दोन्ही हवंय तर द ला व्हाले पुसाँ कर्नल आहे की: पहिल्या 2एन पार्शल समची सरासरी दुप्पट करा, त्यातून पहिल्या एनची वजा करा. एन डिग्रीपर्यंतचं सगळं जसंच्या तसं, एरर एन डिग्रीच्या बेस्टच्या चौपटीच्या आत. आणि हा कर्नल पॉझिटिव्ह नाहीये.