क्लॉजवर ओरडण्याआधी "वगळून" काय काय आहे ते बघा

कुठल्याही देशाने बाहेरून कर्ज घेतलं आणि करारात सॉव्हरिन इम्युनिटी (म्हणजे परदेशी कोर्ट आणि जप्तीपासून सरकारला असलेलं संरक्षण) सोडून दिल्याचं वाक्य कुणाला सापडलं की झालं सुरू, देश विकला, सार्वभौमत्व गहाण टाकलं वगैरे. २०२०च्या जुलैमध्ये नायजेरियात हेच झालं. २०१८ला चीनच्या एक्झिम बँकेकडून ४० कोटी डॉलर घेतलेले, त्या करारातलं हे कलम तिथल्या खासदारांनी बाहेर काढलं आणि नुसता गदारोळ. तिथले तेव्हाचे वाहतूकमंत्री अमेची म्हणाले, असं कलम सगळ्याच करारांत असतं. सारवासारव वाटली लोकांना, पण तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं.

कारण साधं आहे हो, पैसे देणारा आधी हेच बघणार की उद्या थकवले तर ह्यांना कोर्टात खेचता येईल का. "मी सरकार आहे, तुमचं कोर्ट मला लागू नाही" हे उत्तर पूर्वी चालून जायचं. मग अमेरिकेने १९७६ला आणि ब्रिटनने १९७८ला कायदा केला की धंद्याचा व्यवहार केलात तर ही ढाल नाही, आणि १९९२ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अर्जेंटिनाच्या केसमध्ये सांगून टाकलं की बाँड काढणं हासुद्धा धंद्याचाच व्यवहार. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बाँड विकणाऱ्या देशावर क्लॉज नसता तरी केस झालीच असती.

खरी गंमत पुढे आहे. केस जिंकणं वेगळं आणि निकालाचा कागद घेऊन मालमत्तेवर जप्ती आणणं वेगळं, ह्या दोन वेगळ्या ढाली आहेत आणि आपण भांडताना दोन्हीची खिचडी करतो. २००१ला अर्जेंटिनाने कर्ज बुडवलं, बहुतेकांनी नंतर कमी पैशात तडजोड केली, पण एनएमएल कॅपिटल नावाचा फंड अडून बसला. ऑक्टोबर २०१२मध्ये त्यांनी घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं लिबर्ताद हे ट्रेनिंगचं जहाज अडकवलं! घानाचं कोर्ट म्हणालं, बाँडमध्ये तुम्हीच इम्युनिटी सोडली आहे. डिसेंबरात हॅम्बुर्गच्या समुद्री न्यायाधिकरणाने युद्धनौकेला संरक्षण असतं म्हणत ती सोडायला लावली. पण धसका एवढा की पुढच्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष दौऱ्यावर निघाल्या त्या भाड्याच्या विमानाने, स्वतःचं विमान जप्त होईल म्हणून. त्याआधी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) अर्जेंटिनाच्या सेंट्रल बँकेच्या खात्यावरही हात टाकायचा प्रयत्न झाला होता, तिथे मात्र २०११ला अमेरिकन कोर्टाने नाही म्हटलं.

म्हणून म्हणतो, "वगळून" ह्या शब्दापुढे काय आहे ते बघा. नायजेरियाच्या त्याच वाक्याच्या शेवटी लष्करी आणि राजनैतिक मालमत्ता वगळून असं लिहिलेलं, ते ओरडणाऱ्यांनी वाचलंच नाही बहुतेक. पण मला खटकतं ते वेगळंच. वगळल्या त्या ह्या दोनच गोष्टी, सेंट्रल बँकेच्या गंगाजळीचं नाव त्या वाक्यात नाही. निकाल कुठल्या देशाच्या कायद्याने आणि कुठल्या लवादापुढे लागणार, हेही तितकंच महत्त्वाचं. आणि ज्या संसदेने हे सगळं सही होण्याआधी विचारायचं, ती दोन वर्षांनी कागद उघडून बसते, तोवर पैसे मागायला आलेल्या सरकारने मान डोलावलेली असते, आता त्यातला एक स्वल्पविराम बदलायचा तरी चीनच्या बँकेला विचारावं लागणार.