‘राख झाली म्हणजे शुद्ध सुती’ : चादर-टॉवेलच्या त्या संदेशात काय चुकतं

सोलापुरात चादर-टॉवेल घ्यायला येणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात: धागा जाळा, राख झाली तर माल शुद्ध सुती, पॉलिएस्टर मिसळलेलं कापड म्हणजे फसवणूक, पॉलिएस्टरने कर्करोग होतो आणि ते पेट्रोलसारखं पेटतं, नवी चादर रात्रभर मीठ-तुरटीच्या पाण्यात ठेवली की रंग पक्का होतो. हा संदेश वाचून लोक चांगला माल परत करतात आणि घरी जाऊन चादर खराब करून घेतात. म्हणून एकेक मुद्दा पाहू.

जाळून पाहण्याची चाचणी खोटी नाही, पण ती अर्धवट आहे. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक गोळा होतो. इथपर्यंत ठीक. पण व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) अगदी सुतासारखंच जळतं, कारण दोन्ही सेल्युलोजच, म्हणजे वनस्पतींमधला तंतुमय पदार्थ. म्हणजे राख पाहून ‘सुती’ म्हणता येत नाही, फार तर ‘सेल्युलोज’ म्हणता येतं. मिश्र धाग्यात पॉलिएस्टर थोडंच असेल तर स्पष्ट गोळाही बनत नाही; राख बोटांत चुरडताना काळे, टोचणारे कण लागतात, तेवढीच खूण.

दुसरी चूक म्हणजे धागा कुठला घेतला ते न पाहणं. कडेच्या शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचाच असतो, तो जाळून अख्ख्या चादरीवर शिक्का मारू नये. ताणा (उभे धागे) वेगळा आणि बाणा (आडवे धागे) वेगळा तपासा. टेरी म्हणजे लूपवाल्या टॉवेलमध्ये जमिनीचा (मूळ विणीचा) ताणा आणि लूपचा ताणा हे दोन निराळे, तेव्हा तिथे धागे तीन. चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा. मेणबत्ती नको, मेणाचा वास आणि काजळी फसवते, लायटर चालेल. ज्योतीकडे बाजूने हळू न्या. गोळा पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नका, चटका खोल बसतो.

व्हिस्कोस ओळखायला आग लागतच नाही. धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोकं ओढा. व्हिस्कोस ओल्या जागी तुटतं, कारण भिजल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. कापूस भिजल्यावर उलट मजबूत होतो, म्हणून तो कोरड्या जागी तुटतो.

मिश्रणाला सरसकट फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे. ‘१०० टक्के कॉटन’ अशी चिठ्ठी लावून मिश्र माल विकणं ही फसवणूक, आणि त्याबद्दल दुकानदाराला जाब विचारलाच पाहिजे. पण इथे शिवल्या जाणाऱ्या शालेय गणवेशात पॉलिएस्टर-व्हिस्कोस मुद्दाम घालतात. घडी टिकते, कापड लवकर वाळतं, रोजच्या धुण्याला पुरतं. त्याची इस्त्री मात्र १५० अंशांच्या आत, वर ओलसर फडका ठेवून करावी. सुती कापडाच्या २०० अंशांवर केली तर चकाकी येते आणि ती परत जात नाही.

टॉवेलची गोष्ट वेगळी. चाचणीसाठी ठरवलेल्या प्रमाण हवामानात कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अवघा ०.४. अंग पुसायला सुतीच हवा, यात वाद नाही. पण नव्या सुती टॉवेलवर पाण्याचा थेंब तसाच राहिला म्हणून तो नकली ठरत नाही, वर सॉफ्टनर (कापड मऊ करणारं रसायन) असतो. दोन-तीन धुण्यांत तो निघतो, फक्त घरी पुन्हा सॉफ्टनर घालू नका.

कर्करोगाचा मुद्दा पॉलिएस्टरच्या तंतूवर लादलेला आहे. धोका होता तो काही अ‍ॅझो आणि बेन्झिडीन रंगांचा, आणि त्यांवर भारतात १९९० च्या दशकातच बंदी आली. पॉलिएस्टरसाठी वापरल्या जाणाऱ्या काही डिस्पर्स रंगांनी त्वचेला खाज-पुरळ येतं, हे खरं.

आगीचं म्हणाल तर जळत राहायला कापसाला हवेत सुमारे १८ टक्के ऑक्सिजन पुरतो, पॉलिएस्टरला २०-२१ लागतो. सूत अधिक सहज पेटतं. पॉलिएस्टरचा धोका वितळून कातडीला चिकटण्याचा आहे. मिश्र कापडात तर सुताचा कोळसा वितळलेलं पॉलिएस्टर धरून ठेवतो, ते गळून पडत नाही आणि जोरात जळतं. चुलीपाशी, गॅसपाशी सैल सिंथेटिक पदर नको, तो यासाठी.

आता मीठ. सुतासाठीच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत (यात रंग धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो) मीठ लागतं, शेडप्रमाणे लिटरला ४० ते ८० ग्रॅम, पण ते रंग धाग्याकडे ढकलण्यापुरतं. रंग धाग्याशी जोडला जातो तो सोड्यामुळे. चादर रंग सोडते कारण न जोडलेला रंग उकळत्या साबणाने धुऊन काढलेला नसतो. खारट पाण्यात तो दबून राहतो आणि पुढच्या साध्या धुण्यात सुटतो. तुरटी नैसर्गिक रंगांना धरते, या रंगांना नाही. पॉलिएस्टरचा रंग १३० अंशांवर दाबाखाली आत शिरलेला असतो, तिथे मीठ निरुपयोगीच.

रात्रभर भिजवलं तर सुटलेला मरून रंग पांढऱ्या नक्षीवर चढतो. म्हणून पहिलं धुणं वेगळं, कोमट पाण्यात, दहा मिनिटांत उरका. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा आणि चादर पिळून ढिगात न ठेवता लगेच सावलीत पसरा.