देवगडच्या आंबा व्यापारी दादांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा. ऐन हंगामात आमच्या बिल आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरमुळे तुमच्या हिशोबाचा घोळ झाला, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुम्ही लिहिलंय, "दुरुस्ती म्हणून अपडेट दिलं, मग तेच मागे घेतलं, जुनी चूक परत आली आणि एवढ्याला दोन दिवस लावले." त्या दोन दिवसांबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताज्या आंब्याला जीएसटी नाही, डबाबंद रसाला आहे. दोन्ही एकाच बिलात आले की राउंडिंग, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात करणं, प्रत्येक ओळीला व्हायचं आणि एकूण रकमेत रुपयाभराचा फरक पडायचा. तुम्हीच दाखवलंत म्हणून ते दुरुस्त केलं. पण राउंडिंगचा तोच कोड स्टॉकलाही वापरलेला होता, त्यामुळे साडेपाच डझनाची पेटी स्टॉकला सहा डझन दिसू लागली. बिलातला रुपया गिऱ्हाईक तिथल्या तिथे दाखवतं. स्टॉकमधला अर्धा डझन वाशीच्या घाऊक बाजारात माल उतरेपर्यंत कळतच नाही. म्हणून घाईघाईने त्यावर आणखी एक दुरुस्ती चढवण्यापेक्षा आधीचं व्हर्जन परत आणलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

अपडेट त्याच संध्याकाळी मागे घेतलं होतं. पण कोड मागे गेला म्हणून सेव्ह झालेल्या नोंदी आपोआप मागे जात नाहीत. आवक पावतीत साडेपाच, स्टॉकला सहा, अशी एकेक नोंद ताडून बघावी लागते. 'नवीन एंट्री थांबवा, बॅकअप पाठवा' असा मेसेज सगळ्यांना व्हॉट्सॲपवर गेला होता. तुमच्या एंट्र्या चालूच राहिल्या. दारात गाडी भरायला लागलेली असताना कोण थांबणार, हे मलाही कळतं. पण तुमचा बॅकअप दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि त्याच रात्री, लाइट गेलेली असताना इन्व्हर्टरवर बसून, तुमचा स्टॉक जुळवून दिला. हे रिव्ह्यूत कुठेच नाही.

"गावातलं सॉफ्टवेअर असंच असायचं" हे वाक्य फार लागलं. आम्ही कुडाळात राहून हे बनवतो, कारण पेटी, डझन, वाशीहून येणारी विक्रीच्या हिशोबाची पट्टी हे सगळं लहानपणापासून बघितलंय. आमचं पोट याच्यावरच आहे.

पैशांची दुरुस्ती स्टॉकला धक्का न लावता वेगळी करून लवकरच देतो. हंगामात बदल करताना यापुढे जास्त काळजी घेऊ. तोवर राउंड ऑफ बिलाच्या तळाशी हाताने टाकता येईल.

तुमचा स्टॉक आता जुळतोय ना, तेवढं कळवा.