‘४० टक्क्यांखाली हक्कच नाही’ : दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयी फिरणाऱ्या संदेशातल्या चुका

पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दिव्यांग मुलांना शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रथमच दिला, तो ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्यांनाच आहे, वयाच्या चौदाव्या वर्षी संपतो, विनाअनुदानित शाळांना लागू नाही, आणि मूल ‘गंभीर’ असेल तर शाळा त्याला घरीच शिकवायला सांगू शकते. पाचही विधाने चुकीची आहेत. ती खरी मानून एखादे पालक अर्ज न करताच परत फिरले, तर मुलाचे वर्ष वाया जाते, म्हणून प्रत्येकाचे उत्तर देणे भाग आहे.

‘२०१६ मध्ये प्रथमच.’ नाही. अपंग व्यक्ती अधिनियम १९९५ हा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू होता. त्याच्या कलम २६ नुसार प्रत्येक अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण मिळेल हे पाहणे शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक होते. त्याआधी १९७४ पासून एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना होती, पण योजना म्हणजे हक्क नव्हे. निधी आटला की ती थांबते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले ‘वंचित घटका’त समाविष्ट झाली.

आता ४० टक्क्यांचा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान याच गैरसमजाने होते, आणि त्याचे मूळ जुन्या कायद्यात आहे. १९९५ च्या कायद्यात ‘अपंग व्यक्ती’ची व्याख्याच किमान ४० टक्के अपंगत्व आणि वैद्यकीय प्रमाणपत्र अशी होती. शिवाय यादीत फक्त सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित यांतली विशिष्ट अडचण) त्यात नव्हतीच. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि व्याख्येचे दोन भाग केले. ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणजे दीर्घकालीन क्षतीमुळे, समोर येणाऱ्या अडथळ्यांसह, समाजात बरोबरीने सहभागी होता न येणारी व्यक्ती. इथे टक्केवारी नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे ४० टक्के किंवा अधिक. कोणते कलम कोणता शब्द वापरते, ते बघावे लागते. कलम १६ (भेदभावाविना प्रवेश, वाजवी सोयी, वैयक्तिक साहाय्य) सर्व दिव्यांग मुलांसाठी आहे. कलम ३१ (मोफत शिक्षण) आणि कलम ३२ (उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण) लक्षणीय दिव्यांगत्वासाठी आहेत. संदेश लिहिणाऱ्याने दुसऱ्या गटाची अट पहिल्यावर चिकटवली. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये, विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट अमान्य केली.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत ही अट आणखी अन्यायकारक ठरते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे प्रमाणपत्र आठ वर्षे वयापासून पुढेच देण्याचे ठरवले. म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाकडे ते असूच शकत नव्हते. उलट कलम १६ नुसार अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तशी शिकवण्याची पद्धत योजण्याचे काम शाळेचे आहे. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे उत्तर त्यामुळे कायद्यात बसत नाही.

चौदाव्या वर्षाचा आकडा शिक्षण हक्क कायद्यातला, ६ ते १४ चा. २०१६ च्या कायद्यातल्या कलम ३१ ची सुरुवातच ‘त्या कायद्यात काहीही असले तरी’ अशी आहे : लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात परिसर शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण.

विनाअनुदानित शाळांबाबत कलम १६ चे शब्द आहेत : शासनाकडून निधी मिळणारी *किंवा* मान्यता असलेली संस्था. मान्यता पुरेशी आहे. फीचा प्रश्न वेगळा, त्यासाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा मार्ग आहे. तिथे केंद्रीय कायद्यात उत्पन्नाची मर्यादा ‘दुर्बल घटका’च्या व्याख्येत आहे, ‘वंचित घटका’च्या नाही, दिव्यांग मूल दुसऱ्यात येते.

घरी शिक्षणाची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीतली. बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय *निवडण्याचा* हक्क तिने दिला. निवड मुलाकडे आहे. शाळेला तो पर्याय लादता येत नाही.

प्रवेश नाकारला जात असेल तर तोंडी बोलण्यावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, त्यात २०१६ च्या कायद्यातल्या कलम १६ चा उल्लेख करा, मुलाला नेमके काय लागेल ते लिहा (तळमजल्यावरचा वर्ग, पुढचे बाक, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका) आणि तारखेसह पोच घ्या. ‘सर्व सोयी द्या’ असे मोघम लिहिले तर ‘दिल्या’ असे मोघम उत्तर येते. नकारही कारणांसह लेखी मागा. मग हे सगळे जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांनी कलम ८० खाली संबंधित प्राधिकरणाला शिफारस केली, तर कलम ८१ प्रमाणे त्याने केलेली कारवाई, किंवा शिफारस न मानल्यास त्याची कारणे, तीन महिन्यांत कळवावी लागतात.