अंबाजोगाईच्या गायन वर्गाच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुमचा अभिप्राय वाचला. दोनच तारे दिलेत, पण कारणं सविस्तर लिहिलीत, ते बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. घुमारा, म्हणजे खोलीत आवाज रेंगाळणं, कमी करायला आम्ही भोकांची लाकडी पॅनल्स बसवूनही वरातीचा डीजे खोलीत तसाच ऐकू येतो. भिंती बऱ्याचशा उघड्याच ठेवल्या. पॅनलवरची भोकं वेडीवाकडी आहेत आणि शेजारच्या पॅनल्सची नक्षी जुळत नाही, म्हणजे मशीन बिघडलेलं असणार. गावातला सुतार चौथ्या भागात फोम लावून देत होता. आणि शेवटी, भोकांत धूळ बसते म्हणून आता वरून ऑइलपेंट मारून घेणार आहात.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. कृपा करून रंग मारू नका. भोकांमागे पातळ काळं कापड आहे आणि त्यामागे दोन इंच रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. हवा त्या कापडातून आत जाते, लोकरीच्या तंतूंशी घासते आणि तिथे आवाजाची किंचितशी उष्णता होऊन तो विरतो. ऑइलपेंटने कापडाची छिद्रं बुजली की मागची लोकर असून नसल्यासारखी. धुळीसाठी व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवा, नाहीतर कोरडं फडकं पुरे. पाणी नको.

आता डीजे. कोटेशनच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे काम खोलीत निर्माण होणाऱ्या आवाजासाठी आहे, बाहेरचा आवाज अडवण्यासाठी नाही. त्याखाली तुमची सही आहे. सही दाखवून वाद जिंकायचा नाही मला. पण या दोन कामांची गल्लत आमच्याकडे येणारे निम्मे लोक करतात, म्हणून जरा खोलात जातो.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते. तुमची नऊ इंची विटांची भिंत वजनाला उत्तम आहे. गळती आहे ती सरकत्या खिडकीतून आणि दाराखालच्या फटीतून. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत २० डेसिबलपेक्षा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) जास्त अडवू शकत नाही, मग ती विटांची असो की किल्ल्याच्या तटाइतकी जाड. आणि डीजेचा जो दणका छातीत बसतो तो ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांच्या, आसपासचा. त्याची लाट साधारण १९ फूट लांब असते. तुमची खोली १६ फुटांची. एवढ्या लाटेला माझं मागच्या पोकळीसकट चार इंची पॅनल काय करणार? लग्नसराईत वरात दारावरून जाते तेव्हा आमच्या लातूरच्या दुकानातलं मोजमाप आम्हीही थांबवतो. दाराला खालून रबराची पट्टी, चौकटीला सील आणि खिडकीला आतून, हातभर नाही तरी वीतभर अंतर सोडून, दुसरी जाड काच, एवढं केलंत तर बोलण्याचा, हॉर्नचा, फेरीवाल्याचा आवाज चांगलाच उतरेल. तुमचा सुतार हे करू शकतो. डीजेचा दणका मात्र तरीही थोडा येईलच. तो पूर्ण अडवायचा तर खोलीत दुसरी खोली बांधावी लागते, आणि त्यावर पैसे घाला असं मी तुम्हाला सांगणार नाही.

भोकांवर माझं मन जास्त आहे, कारण तीच या पॅनलची करामत. एका दोन बाय दोन फुटांच्या पॅनलवर ३१ गुणिले ३३ म्हणजे १०२३ जागा आखलेल्या असतात. त्यातल्या ५१२ जागी भोक, ५११ जागी कोरं लाकूड. कुठे भोक आणि कुठे नाही, हे गणिती क्रमाने ठरतं. दिसायला तो क्रम अगदी बेशिस्त दिसतो, पण प्रत्येक पॅनलवर तोच असतो. विश्वास नसेल तर एखाद्या विद्यार्थ्याला मोजायला बसवा. असले क्रम वापरून आवाज विखुरण्याची कल्पना मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडली. त्याच्या रचनांत लाकडात खोल खाचा लागायच्या; पुढे खाचांऐवजी 'इथे शोषायचं, इथे परतवायचं' अशा सपाट पॅनल्सवर तेच क्रम आले.

गाण्यातल्या खालच्या स्वरांच्या लाटा डीजेच्या दणक्याएवढ्या नसल्या तरी इतक्या लांब असतात की पाऊण इंचावरची भोकं त्यांच्या खिजगणतीत नसतात. त्या मागच्या लोकरीपर्यंत पोचतात आणि मुरतात. वरच्या पट्टीतलं, म्हणजे टाळांची किणकिण, तबल्याच्या चाटेची धार, गाण्यातले 'स' आणि 'श', हे सगळं कोऱ्या लाकडावर आपटून अंशतः परत येतं, पण एका झोतात नाही, विखरून. भोकं सरळ ओळीत असती तर परतणारा आवाज ठरावीक दिशांनाच जोरात गेला असता. तीच नक्षी शेजारी शेजारी सलग जुळवली तरीही तेच झालं असतं. म्हणून एक पॅनल सरळ, पुढचं पाव वळण देऊन, असं मुद्दाम लावलंय. नक्षी जुळवण्यासाठी कोणाला ती काढून सरळ करू देऊ नका.

उघड्या भिंतींचं गणित साधं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं गेलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा आणि ऑर्गनचा सूर विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आम्ही आजही वापरतो : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण चौरस मीटरमध्ये; उत्तर येतं ते घुमाऱ्याचे सेकंद. तुमची खोली १६ बाय १३, उंची १० फूट, म्हणजे ५९ घनमीटर. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. माणसं आणि सतरंजी धरून शोषण जेमतेम ५ येत होतं, घुमारा १.९ सेकंद. २८ पॅनल्सनी, म्हणजे ११२ चौरस फुटांनी, ते १३ च्या वर गेलं आणि घुमारा ०.७ वर आला. चारही भिंती मिळून ५८० चौरस फूट आहेत. सगळ्या मढवल्या असत्या तर माझं बिल पाचपट झालं असतं आणि खोली मेली असती. मेलेल्या खोलीत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही, मग तो गळा ताणतो. तुमच्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं शिकतात. तानपुऱ्याची आसही अशा खोलीत तुटक वाटते.

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात हे फुकट मिळायचं. वर कडीपाट आणि तुळया, जाड भिंतींत कोनाडे, कोपऱ्यात ज्वारीची पोती, खुंटीला वाकळा. पोती आणि वाकळा आवाज शोषायच्या, तुळया आणि कोनाडे विखुरायचे. बुवा ओसरीवर बसून अभंग म्हणायचे आणि शब्द न् शब्द कळायचा. स्लॅब आला, पुट्टी आली, आणि आम्हाला धंदा मिळाला.

फोमबद्दल एवढंच. इंचभर फोम वरची पट्टी खातो आणि हार्मोनियमच्या खर्जाला हातही लावत नाही, त्यामुळे खोली एकाच वेळी बुजलेली आणि घुमणारी लागते. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भडकन पेटतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात २००३ साली भिंतींना असाच फोम होता. कार्यक्रमातल्या आतषबाजीची ठिणगी पडली आणि १०० माणसं गेली. समईच्या शेजारी मुलं बसतात त्या खोलीत मी तो लावणार नाही, चौथ्या भागातही नाही आणि फुकटही नाही.

पैसे परत द्या असंही लिहिलंय. घुमारा कमी करायचं काम ठरलं होतं, ते झालंय असं माझं म्हणणं आहे, म्हणून पूर्ण रक्कम परत करणार नाही. मात्र पुढच्या गुरुवारी आमचा माणूस परळीला जातोय, तो वाटेत घुमारा मोजायचं मीटर घेऊन येईल आणि तुमच्यासमोर मोजून दाखवेल. आकडा ०.८ सेकंदाच्या वर निघाला तर कमी पडणारी पॅनल्स आमच्या खर्चाने लावतो. आत निघाला तर खिडकी-दाराचं रेखाचित्र देऊन जाईल, त्याचे पैसे नाहीत. सकाळी अकराच्या आधी रस्ता शांत असतो असं तुम्हीच म्हणाला होतात, तीच वेळ धरतो.